पोळ्याला राहून गेलेला इंडेक्स

'आपोआप होईल' असं कुणी म्हटलं की मला चीड येते. 'नंतर हातानं करून घेऊ' म्हटलं की त्याहून जास्त येते, कारण हे दुसरं वाक्य एकेकाळी माझंच होतं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी पांढुर्ण्याची. बाबा रेल्वेत गँगमन, घर आमच्या बौद्ध वस्तीत. नागपूरला मामाकडे राहून मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि परत येताना एवढा तोरा घेऊन आले की आई म्हणायची, हिला आता पोळपाटही बटण दाबून फिरणारा लागेल.

नोकरी लागली सौंसरला. तिथे एका डॉक्टरीणबाईंचा बाळंतपणाचा दवाखाना होता, दहा-बारा खाटांचा. त्यांचे यजमान संत्र्यांचे व्यापारी, त्यांना सगळे मालक म्हणत. मालकांनी नागपूरहून कुणीतरी वापरून टाकलेला कॉम्प्युटर आणला होता आणि दवाखान्याला लागून असलेल्या खोलीत, पडदे ओढून, कूलरसमोर बसवला होता. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. मालकांचं काम संध्याकाळचं. दिवसभर मशीन रिकामं असायचं, म्हणून बाईंनी मला ठेवून घेतलं आणि रक्त देणाऱ्यांची यादी त्यात घालायला सांगितली.

रक्तपेढी नागपूरला. जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच, वर तिथली वाट बघणं वेगळं. बाळंतिणीला रक्त लागलं तर गावातल्याच कुणाला तरी बोलावून, तपासून, बाटली भरून घ्यावी लागे. कोणाचा गट कोणता आणि तो माणूस आत्ता कुठे सापडेल, हे ज्याला ठाऊक त्याच्यावर सगळं अवलंबून. आमच्या दवाखान्यात ते कंपाउंडरकाकांना ठाऊक होतं.

काका साठीला टेकलेले. औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून ते कार्डं करत आणि बिस्किटांच्या एका मोठ्या चौकोनी डब्यात गटागटानं लावून ठेवत. कार्डावर वर ठळक गट, खाली नाव, आणि त्याच्या खाली पत्त्याऐवजी भलतंच काहीतरी. 'दोन वाजेपर्यंत जिनिंगमध्ये.' 'भावाच्या पानठेल्यावर निरोप द्यावा.' 'सासूला आधी विचारावे.' नवीन आलेली कार्डं ते लगेच लावत नसत. त्यांना रबरबँड घालून डब्यात सगळ्यांत पुढे ठेवत आणि शनिवारी सावकाश जिथल्या तिथे खोचत. मला हे सगळं फार गमतीचं वाटलं होतं, पहिले चार दिवस.

पाचव्या दिवशी मला काही कार्डांच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीचा ठिपका दिसला. हे काय म्हणून विचारलं तर काका खाली बघून म्हणाले, काही घरचे विचारतात, कोणाच्या घरचं रक्त आहे म्हणून. माझ्या बाबांचंही कार्ड त्या डब्यात होतं. मी ते शोधून काढलं. त्याच्यावर ठिपका होता. त्यावर मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवट असा केला की मशीनमध्ये असला कोपराच नसतो, तेव्हा आजपासून एकही कार्ड लिहायचं नाही, जे काय येईल ते मशीनमध्ये जाईल. बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझीच बाजू घेतली.

काकांनी त्या दिवसापासून कार्ड लिहिणं सोडलं. डब्यातली नावं मी मशीनमध्ये चढवली आणि डबा कपाटावर गेला. ठिपक्याबद्दल माझं बरोबर होतं आणि कार्डांबद्दल माझं चुकलं होतं, पण दोन्ही मी एका दमात बोलून बसले होते. रागाच्या भरात मी निवड करत नाही, सगळंच फेकून देते. बाबा म्हणायचे, आंघोळीच्या पाण्यासोबत घंगाळही फेकणारी पोरगी.

आता मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. नावं ज्या क्रमानं टाईप केली त्याच क्रमानं फाईलमध्ये पडून राहत. कोणता गट कोणत्या नंबरच्या नोंदीवर आहे, याची एक वेगळी छोटी यादी असे, तिला इंडेक्स म्हणत. 'बी निगेटिव्ह दाखव' म्हटलं की मशीन हजारभर नोंदी चाळत बसत नसे, फक्त ती यादी बघून क्षणात नावं समोर टाकत असे. जे यादीत नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही.

ही यादी लावायच्या दोन रीती होत्या. एक आपोआपची. यादी उघडी ठेवून टाईप करायचं, म्हणजे प्रत्येक नवं नाव तिथल्या तिथे आपल्या जागी जाऊन बसे. पण आमचं मशीन म्हातारं. एका नावानंतर ते घरघरत एवढा वेळ लावी की मधल्या वेळात मूठभर शेंगा सोलून व्हाव्यात. आणि यादी उघडी असताना लाईट गेली तर ती अर्धवट फाटल्यासारखी होई, मग सगळी पुन्हा. सौंसरची लाईट रोज अकराला दोन तास जायची हे ठरलेलं, बाकी तिच्या मर्जीनं. दुसरी रीत हातानं लावायची. यादी बंद ठेवून भराभर टाईप करायचं आणि काम संपलं की एक हुकूम देऊन सगळी यादी नव्यानं लावून घ्यायची. त्याला पंधरा-अठरा मिनिटं लागत. पडद्यावर आकडा चढत जाई, शंभर, दोनशे, तीनशे, आणि तो संपेपर्यंत नुसतं बसून राहावं लागे.

नागपूरच्या सरांनी शिकवताना सांगितलं होतं, स्वतःच्या आठवणीवर भरवसा नसेल तर आपोआपची रीत घ्या. मला माझ्यावर भलताच भरवसा होता. मी हातानं लावायची रीत घेतली.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी बाईंनी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर शिबिर घेतलं. रक्त घ्यायचं नव्हतं, नुसते गट तपासून नावं लिहून घ्यायची होती. बाईंचा हिशेब साधा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मधे पळसाचं झाड रोवलेलं, आणि दिवसभर इकडून तिकडे दगड. त्या आठवड्यात रक्ताची गरज कुणालाही पडू शकते. त्रेचाळीस नावं मिळाली. सोमवारी आणि मंगळवारी मी ती यादी बंद ठेवून धडाधड टाईप केली. बोटांनी केली, डोक्यात एकही राहिलं नाही.

मंगळवार खांदमळणीचा दिवस होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणून त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात, आणि तिथून पुढे पोळा होईपर्यंत बैलाला जुंपत नाहीत. साडेचारच्या सुमाराला माझं शेवटचं नाव टाईप झालं. मी इंडेक्सचा हुकूम देणार तेवढ्यात मालक हातात ताट घेऊन खोलीत आले. ताटात हळद, तूप, कुंकू. स्वारी खुशीत होती. म्हणाले, शेतातल्या जोडीचं झालं, आता हा आपला तिसरा बैल. त्यांनी मशीनच्या दोन्ही बाजूंना हळद चोळली, आवतण दिलं, आणि बटण बंद करून खोलीची चावी खिशात टाकली.

मी म्हटलं, मालक, पंधरा मिनिटं द्या, थोडं राहिलंय. ते हसून म्हणाले, खांदा मळल्यावर कोणी जुंपते काय.

मी हट्ट धरू शकले असते. काकांसमोर धरला होता तसा. पण मालक मालक होते, आणि खरं सांगायचं तर माझी पाचची बस होती आणि घरी आई पुरणाची डाळ शिजवून वाट बघत होती. मीही हसले. परवा आल्या आल्या लावून टाकू म्हटलं आणि चपला घालून निघाले.

बुधवारी पोळा झाला. गुरुवारी मी मुद्दाम पहिल्या बसनं सौंसर गाठलं, कारण गोटमारीच्या दिवशी पांढुर्ण्यात बसून तो गलका ऐकणं मला कधीच सहन झालं नाही. बसचा कंडक्टर रोजचाच, डोक्याला तेल चोपडलेला, सुटे पैसे नसले की कुरकुरणारा. उतरताना त्यानं बजावलं, 'मॅडम, ही गाडी आता वापस जाऊन नाही राहिली. रस्ता बंद हाय. मी इथंच पडून राहतो स्टँडवर.' मी बरं म्हणून चालायला लागले.

दवाखान्यात पाय ठेवला तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलं आहे. काकांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटे तिला कळा लागल्या, नऊ वाजता मुलगी झाली. बाळ रडलं, सगळं ठीक होतं, आणि मग तिचं रक्त थांबेना. बाईंनी इंजेक्शनं दिली, पोट दाबून धरलं, सगळं केलं. दहा वाजता त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, बी निगेटिव्ह, नाहीतर ओ निगेटिव्ह, लगेच बघ. काका त्यांच्या मागे उभे होते. त्यांच्या हातात एक टॉवेल होता आणि ते तो घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घडी घालत होते. त्यांचा स्वतःचा गट जुळत नव्हता. जावई दूर, त्याच्या गावी.

चावी मालकांकडे. ते पोळ्याच्या जागरणानं अजून झोपलेले. चावी येईपर्यंत दहा मिनिटं गेली. मशीन सुरू झालं, मी दोन्ही गट विचारले, आणि तीन नावं आली. मला हायसं वाटलं. तेव्हाचं ते हायसं वाटणं मला अजून लाज आणतं.

पहिला पांढुर्ण्याचा. त्याच्या घराजवळच्या दुकानात ट्रंक कॉल लावला, लागायला वेळ गेला. दुकानदार म्हणाला, तो सकाळपासून नदीवर आहे, दगड मारतोय, आणि शुद्धीत आहे असंही नाही. दुसरे सौंसरचेच गुरुजी, वॉर्डबॉय सायकलनं धावला, तर गुरुजींना आठ दिवसांपासून कावीळ. तिसऱ्याची छिंदवाड्याला बदली होऊन महिना झाला होता. काकांच्या कार्डावर हे तिन्ही लिहिलेलं असतं, हे माझ्या मनात आलं आणि मी ते मागे ढकललं.

एव्हाना मालकांची जीप नागपूरला निघाली होती. ती दोनच्या आत परत येणं शक्य नव्हतं. बाई पुन्हा बाहेर आल्या. त्यांच्या हातमोज्यांकडे मी पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, आणखी कोणी?

मी पुन्हा विचारून बघितलं. पडद्यावर सापडलं नाही अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द आले. मी म्हणाले, 'नाही. आणखी कोणीच नाही.' माझ्या आवाजात जरासुद्धा शंका नव्हती. मशीनवर विश्वास होता, आणि मशीनहून जास्त माझ्यावर.

बाई आत गेल्या. काका पहिल्यांदाच त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले. चपला काढल्या. मला वाटलं, आता हे मला बोलणार, आणि बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते पडद्याकडे बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, 'पोरी, रविवारचे नवे आले होते, ते तू कुठं ठेवले?'

हळदीचे वाळलेले डाग मशीनच्या दोन्ही बाजूंना तसेच होते. त्रेचाळीस नावं आत होती आणि यादीत एकही नव्हतं. मी मशीनला विचारत होते आणि मशीन मला सोमवारच्या आधीचं जग सांगत होतं.

घड्याळात अकराला बारा मिनिटं होती. मी घाईघाईनं यादी लावायचा हुकूम टाईप करायला घेतला. अठरा मिनिटं लागणार आणि लाईट बारा मिनिटांत जाणार, हा साधा हिशेबही मला सुचत नव्हता. काकांनी विचारलं, हे काय करून राहिली. मी म्हटलं, लावून राहिली, सगळे आपापल्या जागी.

'लावायचं शनिवारी पाहू,' काका म्हणाले. 'रबरबँडमधले तं तसेच पाहता येते ना? पुढूनच पाह्य ना.'

त्यांना मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना फक्त त्यांचा डबा कळत होता. पण मशीनमध्येही नवी नावं एकत्रच पडून होती, फाईलच्या शेवटाला. यादी बाजूला ठेवायची, थेट शेवटच्या नोंदीवर जायचं आणि एक एक करत वर यायचं. कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात तेवढं. मी हुकूम खोडला आणि शेवटाला गेले. ए पॉझिटिव्ह. ओ पॉझिटिव्ह. बी पॉझिटिव्ह. प्रत्येक नाव पडद्यावर यायला एक-दोन सेकंद लागत, आणि मी मोठ्यानं गट वाचत होते, कारण मोठ्यानं वाचलं नाही तर मी एखादा गाळीन अशी मला भीती वाटत होती. काका माझ्या खुर्चीमागे उभे. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, पाय वर करा, आणखी वर.

सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. तिसावं नाव बी निगेटिव्ह.

पुरुषाचं नाव, वय चौतीस, आणि पत्ता तिगाव. मी जवळजवळ रडलेच. तिगाव पांढुर्ण्याच्याही पलीकडे, रेल्वेच्या रस्त्यावर, आणि मधे पांढुर्ण्याचा रस्ता बंद. मी मान हलवली. काकांनी पुढे वाकून नाव वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

'हा तं आपला कंडक्टर होय,' काका म्हणाले. 'पांढुर्ण्याच्या गाडीचा.'

मी रोज ज्याच्या हातून तिकीट घेत होते त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. त्यानं शिबिरात नाव सांगितलं, गावचा पत्ता सांगितला, आणि मी ते दोन्ही जसंच्या तसं टाईप केलं होतं. तो आत्ता सौंसरच्या स्टँडवर पडलेला होता, दवाखान्यापासून पाच मिनिटांवर, आणि हे त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.

मी अनवाणी धावले. तो गाडीच्या मागच्या सीटवर झोपला होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण त्यानं एकही प्रश्न न विचारता चप्पल शोधली आणि माझ्या पुढे धावत सुटला. आम्ही दवाखान्यात शिरलो तेव्हा लाईट गेलेली होती आणि ऑपरेशनच्या खोलीपुरता जनरेटर धडधडत होता.

त्याच्या एका बाटलीवर काकांची मुलगी जीप येईपर्यंत टिकली. पण रक्त थांबलं नव्हतं, म्हणून बारा वाजता बाईंना तिची गर्भपिशवी काढावी लागली. ती वाचली. तिला पुन्हा मूल होणार नव्हतं.

संध्याकाळी मी बाईंना विचारलं, पाऊण तास आधी रक्त मिळालं असतं तर पिशवी वाचली असती का. त्या हात धूत होत्या. नळ बंद करून म्हणाल्या, 'कदाचित हो, कदाचित नाही. हे मला पुन्हा विचारू नकोस.' मी त्यांना पुन्हा विचारलं नाही. स्वतःला विचारायची मात्र सवय लागली.

तिसऱ्या दिवशी मी आले तेव्हा काका दवाखान्याच्या मागे बंबाशी बसले होते. बाळ-बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी तापत होतं. शेजारी त्यांचा बिस्किटांचा डबा उघडा पडलेला होता, आणि ते कार्डांचा पहिला गठ्ठा हातात घेऊन बंबात टाकायच्या बेतात होते. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

ते हसले. त्या तीन दिवसांत ते गावभर सांगत सुटले होते की दवाखान्यातल्या मशीननं त्यांची पोर वाचवली. मला म्हणाले, 'आता हे कायले ठेवायचं? तुही मशीन खरी होय. मीच येडा होतो.'

गप्प बसणं सोपं होतं. डबा जळाला असता, ठिपके जळाले असते, मशीनची कीर्ती झाली असती आणि माझीही. कोणालाच कधी कळलं नसतं. मी तिथे उकिडवी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. खांदमळणीचं ताट, माझी पाचची बस, बंद यादी. सांगितलं की मी 'कोणीच नाही' म्हणाले तेव्हा कंडक्टर मशीनमध्ये होता, आदल्या दोन दिवसांपासून होता, आणि तो मशीननं नाही, तुमच्या रबरबँडनं सापडला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. बंबातलं लाकूड जरा आत सारलं. मग विचारलं, 'किती वेळ गेला त्याच्यात?'

'पाऊण तास,' मी म्हणाले.

त्यांनी हातातला गठ्ठा पुन्हा डब्यात ठेवला. झाकण दोनदा तिरकं बसलं. उठताना, माझ्याकडे न बघता, म्हणाले, 'म्हणजे नातीले आता भाऊ नाही, बहीण नाही.' आणि पाण्याची बादली घेऊन आत गेले.

मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही होत नाही. ज्याला सांगितलं त्याच्यावर ओझं जातं आणि आपलंही जागेवरच राहतं.

त्यानंतर मी आपोआपची रीत सुरू केली. मशीन घरघरत राहिलं, मी मुकाट बसून राहिले. पंधरा दिवसांनी भर दुपारी लाईट गेली आणि उघडी यादी बिघडली, ती अशी की ए पॉझिटिव्ह विचारलं तर मशीन ओ दाखवू लागलं. हे तर नाही म्हणण्याहून वाईट. एका गटाचा म्हणून भलत्याच गटाचा माणूस बोलावला असता तर काय झालं असतं, या विचारानं मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी पुन्हा हातानं लावायच्या रीतीवर आले, पण आता माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता. कोणती निवड बरोबर, हे मला कळेनासं झालं.

रीत बदलली त्या पहिल्याच संध्याकाळी, साडेचारला, काका चपला काढून खोलीच्या उंबऱ्यावर आले आणि म्हणाले, 'लावला काय?'

तीन आठवड्यांत ते माझ्याशी बोलले ते हे दोन शब्द. मी म्हणाले, लावते. ते तिथेच उभे राहिले. आकडा शेवटाला जाईपर्यंत अठरा मिनिटं उभे राहिले आणि मग गेले. दुसऱ्या दिवशी साडेचारला पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. त्यांनी कार्डं लिहायलाही पुन्हा सुरुवात केली होती. माझं टाईप झालं की माझ्याकडून फॉर्म घेऊन जात, पुठ्ठा कापत, 'कुठे सापडेल' ते माणसाला विचारून लिहीत. लाल पेन्सिल मला परत कधी दिसली नाही. मी एकदा कार्डं खोचायला मदत करू का म्हणून विचारलं, तर त्यांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला.

असं वर्षभर चाललं. सण, लग्नसराई, संत्र्यांचा बहार, सगळ्यांत रोज साडेचारला ते दोन शब्द. माझ्यावर रागावण्याची ती त्यांची रीत होती की मला सांभाळण्याची, हे मला कळत नसे. कधी कधी मला त्याचा संतापही येई. एवढं रोज उकरून काढायचं असेल तर एकदाच काय ते बोलून मोकळं व्हावं ना माणसानं. पण चार वाजून गेले की मी दाराकडे बघायला लागत असे, हेही खरं.

पुढच्या वर्षीची खांदमळणी आली. त्या दिवशी मी साडेचारच्या आधीच हुकूम दिला होता. आकडा चढत होता, चारशेच्या पुढे गेला होता, आणि मालक ताट घेऊन बोळातून येताना दिसले. हळद, तूप, कुंकू. चेहरा तसाच खुशीतला. मी उठून उभी राहिले.

काका उंबऱ्यावर होते. त्यांनी दाराच्या चौकटीला हात आडवा लावला.

'मालक, थांबा,' ते म्हणाले. 'पोरीचं लागून राहिलं. पुरं लागू द्या, मंग खांदा मळा.'

मालक चकित होऊन बघत राहिले. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं त्यांना कधी असं अडवलं नव्हतं. काय झालं ते त्यांना नीट ठाऊक नव्हतं, पण काहीतरी उमजलं असावं, कारण ते तिथेच थांबले. ताट जड होतं. काकांनी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः धरून उभे राहिले. आम्ही तिघंही आकड्याकडे बघत होतो. सातशे. आठशे. हजार. बाहेर पोरं बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा घालून बघत होती, तो आवाज येत होता. अकराशेच्या वर जाऊन आकडा थांबला.

'लागला?' काकांनी विचारलं.

'लागला, काका.'

मग त्यांनी ताट मालकांना दिलं. मालकांनी हळद चोळली, आवतण दिलं, बटण बंद केलं आणि चावी खिशात टाकून घरी गेले. मी पर्स उचलली. पाचची बस होती.

काकांनी मला थांबायला सांगितलं. आत जाऊन डबा आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. पुढची रबरबँडमधली कार्डं काढली, रबरबँड सोडून मनगटात घातलं, आणि सगळी कार्डं माझ्या हातात दिली.

'धर,' ते म्हणाले, 'आज शनिवार नाही, पण लाव.'